यादीत नाव नसलेला खेळाडू

शाळेच्या सूचनाफलकावर क्रीडासंघाची यादी लागण्याचा दिवस ज्याने विद्यार्थिदशेत अनुभवला आहे, त्याला त्या फलकाभोवतीची गर्दी आठवत असेल. त्या गर्दीतून काही मुले धावत बाहेर पडतात, तर काही सावकाश. यादीत नाव नसलेल्या मुलाला त्या वेळी कोणी काही सांगत नाही आणि सांगण्यासारखे फारसे काही नसतेही. निवड करणाऱ्यांनी उंची पाहिलेली असते, ताकद पाहिलेली असते, मागील वर्षाची कामगिरी पाहिलेली असते. त्यांचा निर्णय बहुधा प्रामाणिकच असतो. परंतु प्रामाणिक निर्णयही अपुरा असू शकतो, कारण जे मोजता येते तेवढेच मोजले जाते.

अमेरिकेच्या वायव्य भागातील ऑरेगन राज्यात काय्झर नावाचे एक लहानसे शहर आहे. राज्याची राजधानी असलेल्या सेलम शहराला ते लागूनच आहे. १० जून १९८४ रोजी जन्मलेला ग्रेसन बाउचर हा मुलगा याच परिसरात वाढला. बास्केटबॉलवर त्याचे विलक्षण प्रेम होते. मात्र त्या खेळाला हवी असलेली उंची निसर्गाने त्याला दिली नव्हती. शालेय संघात धडपडणारा, महाविद्यालयीन संघात बाकावर बसून राहणारा हा तरुण वयाच्या एकोणिसाव्या वर्षी 'द प्रोफेसर' या नावाने देशभर ओळखला जाऊ लागला. ही ओळख त्याला ना शाळेने दिली, ना महाविद्यालयाने. ती त्याला मिळाली 'स्ट्रीटबॉल' या रस्त्यावरच्या बास्केटबॉलमधून.

दहा फुटांवरचे कडे

बास्केटबॉलचा जन्म १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. डॉ. जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत खेळता यावे म्हणून फळांच्या टोपल्या सज्ज्याला अडकवल्या. त्या टोपल्या जमिनीपासून दहा फूट उंचीवर होत्या. पुढे टोपलीची जागा लोखंडी कड्याने आणि जाळीने घेतली, नियम अनेकदा बदलले; पण ते दहा फूट आजही कायम आहेत. साहजिकच या खेळात उंचीला अतोनात महत्त्व आले. अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एनबीएमध्ये, खेळाडूंची सरासरी उंची साडेसहा फुटांच्या आसपास असते. तेथे तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघात पंधराच्या आसपास खेळाडू असतात. म्हणजे जगभरातील कोट्यवधी हौशी खेळाडूंसाठी सर्वोच्च स्थानी असलेल्या जागा जेमतेम साडेचारशे.

या जागांपर्यंत पोहोचण्याची तेथील शिडी ठरलेली आहे. माध्यमिक शाळेत प्रथम दुय्यम संघ, मग मुख्य संघ. मुख्य संघात चमकलेल्या मुलांकडे महाविद्यालयांचे प्रशिक्षक लक्ष ठेवून असतात. त्यांतील उत्कृष्ट मुलांना शिष्यवृत्ती मिळते आणि महाविद्यालयीन खेळाडूंतील मोजके तरुण व्यावसायिक संघांच्या नजरेत भरतात. शिडीची एक पायरी चुकली, तर पुढची पायरी आपोआपच दूर जाते. कारण वरच्या पायरीवर उभा असलेला माणूस खालच्या पायरीवरची नोंद पाहूनच निर्णय घेत असतो.

बाउचरची पहिली पायरीच निसरडी ठरली. काय्झरमधील मॅकनॅरी हायस्कूल या मोठ्या शाळेत तो तीन वर्षे होता. मोठ्या शाळेत मुख्य संघातील जागांसाठी चुरसही मोठीच असते आणि चणीने लहान असलेल्या मुलाकडे कोणाचे चटकन लक्ष जात नाही. शेवटच्या वर्षासाठी त्याने सेलम अकॅडमी या तुलनेने लहान शाळेत प्रवेश घेतला. तेथे त्याला खेळण्याची संधी मिळाली, परंतु एवढ्याशा कामगिरीवर कोणत्याही नामांकित विद्यापीठाचे निमंत्रण येणे शक्य नव्हते. पुढे सेलममधीलच चेमेकेटा कम्युनिटी कॉलेजच्या संघात तो शिष्यवृत्तीविना, स्वतःहून चाचणी देऊन दाखल झाला. संघात नाव लागले, पण बहुतेक सामने बाकावर बसूनच पाहावे लागले. पूर्ण वाढ झाल्यावर त्याची उंची भरली ५ फूट १० इंच आणि वजन सुमारे ७० किलो. चारचौघांत ही उंची चांगलीच म्हणावी लागेल. बास्केटबॉलच्या मैदानावर मात्र ती अडचण होती.

येथे त्याची क्रीडा कारकीर्द संपली असती, तर त्यात नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते. दर वर्षी हजारो मुलांची कारकीर्द नेमकी याच ठिकाणी संपते.

दुसरे मैदान

मात्र अमेरिकेत बास्केटबॉलचे आणखी एक जग अस्तित्वात होते. या जगात प्रवेशासाठी यादी लागत नसे. महानगरांतील सार्वजनिक उद्यानांत सिमेंटची मैदाने असतात आणि त्यांभोवती तारेचे कुंपण. संध्याकाळी तेथे जमलेली मुले आपापसांत संघ पाडतात. जिंकणारा संघ मैदानावर टिकून राहतो, हरणारा बाहेर बसतो आणि पुढच्या पाळीची वाट पाहतो. पंच नसतो, चूक झाली की खेळाडूच पुकारतात. चेंडू हाताळण्याच्या नियमांकडे थोडीशी डोळेझाक केली जाते आणि केवळ गुण मिळवण्यापेक्षा ते कशा पद्धतीने मिळवले, याला अधिक दाद मिळते. आपल्याकडे टेनिसच्या चेंडूवर गल्लीत रंगणाऱ्या क्रिकेटचे स्वतःचे नियम आणि स्वतःचे नामवंत असतात, तसाच हा प्रकार. यालाच स्ट्रीटबॉल म्हणतात.

या खेळाची पंढरी म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील रकर पार्क. तिच्या नावामागे एका साध्या माणसाची कहाणी आहे. होल्कोम रकर हे न्यूयॉर्कच्या उद्यान विभागात क्रीडांगणाची व्यवस्था पाहणारे कर्मचारी होते. हार्लेममधील कृष्णवर्णीय मुले उन्हाळ्याच्या सुटीत वाममार्गाला लागू नयेत, या तळमळीने त्यांनी १९५० च्या सुमारास बास्केटबॉलची स्पर्धा सुरू केली. मुलांनी केवळ खेळावे, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. अभ्यासाकडेही त्यांचे तितकेच लक्ष असे आणि त्यांच्या प्रयत्नांतून अनेक मुलांना महाविद्यालयाचा रस्ता सापडला. पुढे या स्पर्धेचा लौकिक इतका वाढला, की विल्ट चेंबरलेन, ज्युलियस अर्व्हिंग यांच्यासारखे दिग्गजही तेथे खेळले. रकर यांचे १९६५ मध्ये अकाली निधन झाले आणि १९७४ मध्ये १५५ व्या रस्त्यावरील त्या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले.

या मैदानांनी जसे तारे घडवले, तसे काही तारे निखळतानाही पाहिले. १९४४ मध्ये जन्मलेला अर्ल मॅनिगॉल्ट हा हार्लेमचा खेळाडू 'द गोट' या टोपणनावाने प्रसिद्ध होता. सुमारे सहा फूट एक इंच उंचीच्या या तरुणाची उडी पाहण्यासाठी गर्दी लोटत असे. पण शाळेतून त्याला काढून टाकण्यात आले, महाविद्यालयात तो फार काळ टिकला नाही आणि हेरॉइनच्या व्यसनाने त्याचे उमेदीचे दिवस गिळले. तुरुंगवासही घडला. एनबीएमध्ये तो कधीच खेळला नाही. पुढे करीम अब्दुल-जब्बार यांच्यासारख्या महान खेळाडूने मॅनिगॉल्टचा उल्लेख आपण पाहिलेल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये केला. परंतु त्या गौरवाला उशीर झालेला होता. मॅनिगॉल्टने उत्तरायुष्यात आपल्या परिसरातील मुलांना अमली पदार्थांपासून दूर ठेवण्यासाठी स्पर्धा भरवल्या आणि १९९८ मध्ये त्याचे निधन झाले. अंगी असामान्य गुण असणे आणि त्या गुणाला वेळेवर आधार मिळणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्याच्या आयुष्याने दाखवून दिले.

एका चित्रफितीची किमया

स्ट्रीटबॉलची कीर्ती अनेक वर्षे ऐकीव गोष्टींवर पोसली गेली. अमक्याने तमक्याच्या डोक्यावरून चेंडू टाकला, कोणी एका हाताने काय केले, अशा कथा एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर जात असत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे चित्र बदलले आणि त्याला कारण झाली एक साधी चित्रफीत.

रेफर अ‍ॅल्स्टन हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील, जमेका नावाच्या वस्तीतील मुलगा. शाळकरी वयातच तो रकर पार्कच्या स्पर्धेत खेळू लागला होता. चेंडूचे टप्पे देताना मध्येच उड्या मारत पुढे जाण्याच्या त्याच्या ढंगामुळे एका बालगीताच्या बोलांवरून त्याला 'स्किप टू माय लू' हे नाव मिळाले. बेंजामिन कार्डोझो हायस्कूलमधील त्याचे प्रशिक्षक रॉन नाक्लेरिओ यांच्याकडे त्याच्या खेळाची एक चित्रफीत होती. ती त्यांनी 'अँड वन' या कंपनीकडे सुपूर्द केली.

ही कंपनी १९९३ मध्ये सेठ बर्गर, जे कोएन गिल्बर्ट आणि टॉम ऑस्टिन या तरुणांनी सुरू केली होती. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीला न जुमानता बास्केट झाली, की त्या गुणांवर आणखी एक मुक्त फेक मिळते. त्या 'आणि वर एक' या अर्थाच्या शब्दांवरून कंपनीचे नाव ठेवले गेले. बास्केटबॉलचे कपडे आणि बूट विकणाऱ्या या छोट्या कंपनीसमोर नायकेसारखे बलाढ्य प्रतिस्पर्धी होते. नामवंत खेळाडूंना कोट्यवधी डॉलर देऊन जाहिराती करणे तिला परवडण्यासारखे नव्हते. अ‍ॅल्स्टनची अस्पष्ट, हलणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली चित्रफीत पाहताच कंपनीतील मंडळींना मार्ग सापडला. तिला हिप-हॉप संगीताची जोड देऊन १९९९ मध्ये पहिली 'मिक्सटेप' काढण्यात आली आणि ती दुकानांतून खरेदीबरोबर मोफत वाटण्यात आली. खर्च अल्प, परिणाम मात्र अफाट! शाळाशाळांतून मुले ती चित्रफीत पुन्हा पुन्हा लावून त्यातील युक्त्या गिरवू लागली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावे, असे हे जाहिरातीचे उदाहरण आहे.

अ‍ॅल्स्टनची स्वतःची वाटचालही लक्षणीय आहे. १९९८ च्या खेळाडू-निवडीत मिल्वॉकी बक्स संघाने त्याला एकोणचाळिसाव्या क्रमांकावर निवडले. रस्त्यावरचा खेळाडू शिस्तबद्ध संघात टिकेल काय, ही शंका त्याच्याभोवती अनेक वर्षे घोटाळत राहिली. त्याने आपल्या खेळातील दिखाऊपणा बाजूला ठेवला, संघाच्या गरजेनुसार स्वतःला घडवले आणि २००९ मध्ये ऑरलँडो मॅजिक संघातर्फे एनबीएच्या अंतिम मालिकेत तो सुरुवातीच्या पाच खेळाडूंत उतरला. रस्ता आणि शिडी या दोन्हींवर पाय रोवता येतात, हे त्याने सिद्ध केले.

पोर्टलंडमधील ती चाचणी

मिक्सटेपच्या यशानंतर कंपनीने स्ट्रीटबॉल खेळाडूंचा एक संघच उभा केला आणि हा संघ बसमधून शहरोशहरी सामने करत फिरू लागला. 'हॉट सॉस', 'मेन इव्हेंट', 'हाफ मॅन हाफ अमेझिंग' अशी टोपणनावे धारण केलेले हे खेळाडू तरुणांचे दैवत बनले. ईएसपीएन वाहिनीने त्यांच्या दौऱ्यावर दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. या दौऱ्यात एक वेगळी प्रथा होती. प्रत्येक शहरात मुख्य सामन्यापूर्वी स्थानिक खेळाडूंसाठी खुली चाचणी घेतली जाई. कोणीही यावे, मैदानात उतरावे आणि आपला खेळ दाखवावा. शाळा कोणती, संघ कोणता, मागील वर्षी किती गुण मिळवले, याची विचारणा नाही. चाचणीत ठसा उमटवणाऱ्याला रात्रीच्या मुख्य सामन्यात व्यावसायिक खेळाडूंसमोर उभे केले जाई. तेथेही जो टिकेल त्याला बसमध्ये जागा मिळे आणि मोसमाच्या अखेरीस एका नवोदिताला करार.

२००३ च्या उन्हाळ्यात ही बस ऑरेगनमधील पोर्टलंड शहरात आली. सेलमपासून हे अंतर सुमारे ७० किलोमीटर. बाउचर त्या चाचणीला गेला. दिसायला शाळकरी, अंगाने सडपातळ आणि गौरवर्णीय असा हा मुलगा त्या मैदानावर सर्वस्वी वेगळा दिसत होता. स्ट्रीटबॉलची परंपरा प्रामुख्याने महानगरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांत रुजलेली आणि वाढलेली आहे. त्यामुळे त्याच्याकडून प्रेक्षकांची फारशी अपेक्षा नसणे स्वाभाविक होते.

चेंडू त्याच्या हातात आल्यावर मात्र हे चित्र पालटले. चेंडूला जमिनीवर आपटत, एका हातातून दुसऱ्या हातात नेत पुढे सरकणे, याला ड्रिबलिंग म्हणतात. खेळाडू जितका उंच, तितका चेंडू जमिनीपासून हातापर्यंत येण्याचा प्रवास लांब आणि तितकीच तो हिसकावला जाण्याची शक्यता अधिक. बुटक्या खेळाडूचा चेंडू जमिनीलगत राहतो. उंचीच्या अभावी जे कडे त्याच्यासाठी दूर होते, त्याच अभावामुळे जमीन त्याच्या जवळ होती! बाउचरने नेमके हेच बलस्थान वर्षानुवर्षे घोटून तयार केले होते. समोरच्या खेळाडूचा तोल ज्या पायावर आहे, तो पाय हेरायचा. त्याच दिशेने जाण्याची हूल द्यायची. तो झुकला, की चेंडू पायांमधून किंवा पाठीमागून विरुद्ध बाजूला न्यायचा. प्रतिस्पर्ध्याचे मन परत फिरते, पण शरीर फिरत नाही. त्या अर्ध्या क्षणात वाट मोकळी होते.

ती चाचणी आणि त्यानंतरचा सामना गाजवून बाउचर बसमध्ये बसला. मैदानावर ध्वनिक्षेपक घेऊन समालोचन करणाऱ्याने, प्रतिस्पर्ध्यांना धडे शिकवणारा म्हणून त्याला 'द प्रोफेसर' ही पदवी बहाल केली. महाविद्यालयीन संघात बाकावर बसणाऱ्याला रस्त्याने प्राध्यापक केले, हा योगायोग मोठा गमतीचा म्हणावा लागेल.

बसमध्ये जागा मिळाली म्हणजे करार मिळाला, असे नव्हते. पुढील प्रत्येक शहरात नवे इच्छुक उतरत होते आणि प्रत्येकाची नजर याच एका मुलावर होती. त्याला हरवणे म्हणजे स्वतःची जागा निश्चित करणे. रोज नवे मैदान, अनोळखी प्रेक्षक आणि आपल्यापेक्षा अर्धा फूट उंच प्रतिस्पर्धी, अशा परिस्थितीत संपूर्ण मोसमभर त्याला आपली पात्रता पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागली. दूरचित्रवाणीवरून लक्षावधी प्रेक्षक ही चढाओढ पाहत होते. मोसमाच्या शेवटी करार त्याच्या हाती पडला, तेव्हा त्याचे वय अवघे एकोणीस होते.

प्रसिद्धीची दुसरी बाजू

या यशाचे मूल्यमापन करताना एका गोष्टीचा प्रामाणिकपणे उल्लेख केला पाहिजे. बाउचरला प्रसिद्धी मिळण्यात त्याच्या वेगळेपणाचाही वाटा होता. दूरचित्रवाणीला कथा हवी असते आणि लहान गावातील किरकोळ अंगाचा गोरा मुलगा महानगरांतील धिप्पाड खेळाडूंना चकवतो, ही कथा विकली जाणारी होती. ज्या वस्त्यांनी हा खेळ घडवला, तेथील कितीतरी गुणी मुलांकडे कॅमेरा कधी वळलाच नाही. याने बाउचरचे कौशल्य उणे ठरत नाही. कारण कथा माणसाला मैदानापर्यंत नेते, मैदानावर टिकवत नाही. परंतु कोणत्याही यशोगाथेत गुणांबरोबर संधीचाही हिशेब मांडला, तरच ताळेबंद खरा ठरतो.

दुसरी गोष्ट आर्थिक स्थैर्याची. २००५ मध्ये 'अँड वन' कंपनी दुसऱ्या कंपनीला विकली गेली. काही वर्षांत दौऱ्याचा बहर ओसरला आणि दूरचित्रवाणीवरील मालिकाही २००८ नंतर राहिली नाही. ज्या खेळाडूंच्या जिवावर हा डोलारा उभा होता, त्यांच्यापैकी अनेकांसमोर पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या एका माहितीपटात या उदय-अस्ताची कहाणी आणि मोबदल्यावरून कंपनी व खेळाडू यांच्यात निर्माण झालेला ताण मांडण्यात आला आहे. कीर्ती आणि मिळकत या एकाच गाडीची दोन चाके असतात, असा समज अनेकांनी करून घेतला होता. तो खरा ठरला नाही. कंपनीच्या संस्थापकांपैकी जे कोएन गिल्बर्ट यांनी पुढे २००६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह 'बी लॅब' ही संस्था स्थापन केली. नफ्याबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचे हित जपणाऱ्या कंपन्यांना प्रमाणपत्र देण्याचे काम ती संस्था करते.

बाउचरने या बदलाला तोंड देताना जी सावधगिरी दाखवली, ती त्याच्या ड्रिबलिंगइतकीच महत्त्वाची आहे. त्याने स्वतःला एकाच कंपनीच्या नावाशी बांधून ठेवले नाही. 'बॉल अप' या दुसऱ्या स्ट्रीटबॉल दौऱ्यात तो खेळला. 'बॉल डोन्ट लाय' या २००८ च्या चित्रपटात त्याने भूमिका केली. पुढे यूट्यूबचे युग आले, तेव्हा त्याने आपली स्वतंत्र वाहिनी सुरू केली. कोळिष्टकी वीर स्पायडरमॅनचा पोशाख आणि मुखवटा घालून तो सार्वजनिक मैदानांवर उतरे आणि तेथील खेळाडूंना थक्क करून सोडे. या चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या आणि त्याच्या वाहिनीला लाखो अनुयायी मिळाले. गंमत अशी, की ज्या मुलाच्या अंगकाठीकडे पाहून लोक त्याला कमी लेखत, त्याने आता चेहराही झाकून घेतला होता. उरला होता तो केवळ खेळ.

मोजपट्टीबाहेरचे काही

बाउचरच्या वाटचालीकडे केवळ चिकाटीची कथा म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु चिकाटी मॅनिगॉल्टच्या पिढीतील अनेकांकडेही होती आणि काय्झरच्या शाळेतील इतर मुलांकडेही असणार. या कथेत चिकाटीइतकेच महत्त्व आहे ते उघड्या ठेवलेल्या दुसऱ्या दाराला. पोर्टलंडमध्ये त्या दिवशी खुली चाचणी झाली नसती, तर ऑरेगनमधील एक तरुण संध्याकाळी मित्रांबरोबर उत्तम बास्केटबॉल खेळतो, एवढीच त्याची ओळख राहिली असती. होल्कोम रकर यांनी जे दार हार्लेमच्या मुलांसाठी समाजसेवेच्या भावनेने उघडले, तेच दार अर्ध्या शतकानंतर एका कंपनीने जाहिरातीसाठी उघडले. हेतू भिन्न होते, पण दार उघडे होते हे महत्त्वाचे.

बँकिंग क्षेत्राशी परिचित असलेल्या वाचकाला यातील मर्म चटकन उमजेल. कर्जासाठी आलेल्या अर्जदाराकडे तारण नसते, मागील तीन वर्षांचे ताळेबंद नसतात, पत दाखवणारी नोंद नसते. नियमांच्या चौकटीत त्याचे नाव यादीत बसत नाही. तरीही त्याच्या हातातील कसब अस्सल असू शकते. बचत गटांना आणि लघुउद्योजकांना विनातारण कर्ज देण्याच्या योजना ज्या विचारातून आल्या, तो विचार एका अर्थाने खुल्या चाचणीचाच आहे. कागद पाहू नका असे तो सांगत नाही; कागदापाशी थांबू नका, एवढेच सांगतो. चाचणी कठोर असावीच. पोर्टलंडमध्येही कोणाला दयेने बसमध्ये बसवले गेले नव्हते. मात्र चाचणीपर्यंत पोहोचण्याचा हक्क सर्वांना असावा.

या नाण्याची दुसरी बाजू चाचणी देणाऱ्याची. दार उघडते ते क्वचित आणि थोड्याच वेळासाठी. त्या क्षणी जवळ जे असेल, तेवढ्यावरच सौदा ठरतो. बाकावर बसून काढलेली वर्षे बाउचरने फुकट दवडली नाहीत. आवर्ती ठेवीचा हप्ता दरमहा भरताना खात्यात विशेष काही घडते आहे, असे वाटत नाही. मुदत पूर्ण होते तेव्हाच त्या हप्त्यांचे मोल कळते. कोणी पाहत नसताना केलेला सराव हा तसाच असतो. फरक इतकाच, की ठेवीची मुदत पावतीवर लिहिलेली असते, सरावाची मुदत कधी भरणार हे कोणीच लिहून देत नाही. म्हणूनच सरावाचा हप्ता भरण्यास अधिक श्रद्धा लागते.

काळाच्या ओघात रस्त्यावरचा हा खेळही यादीत आला. अर्ध्या मैदानावर, एकाच कड्याखाली, तीन विरुद्ध तीन खेळाडूंमध्ये रंगणारा 'थ्री बाय थ्री' हा प्रकार आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने नियमबद्ध केला. दहा मिनिटांचा सामना, अथवा एकवीस गुण जो आधी करील तो विजयी. चेंडू हाती आल्यावर बारा सेकंदांत फेक. टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धेत २०२१ मध्ये हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला आणि लॅटव्हियाच्या पुरुष संघाने व अमेरिकेच्या महिला संघाने त्यातील पहिली सुवर्णपदके पटकावली. ज्या खेळाला शिस्तप्रिय प्रशिक्षक एकेकाळी नाके मुरडत असत, त्याच्याच एका रूपाला जगातील सर्वांत मोठ्या क्रीडासोहळ्यात मानाचे पान मिळाले.

अर्थात यामुळे याद्या संपल्या, असे मुळीच नाही. ऑलिंपिकसाठीही संघ निवडावाच लागतो आणि प्रत्येक निवडीत कोणाचे तरी नाव राहून जाते. आजही एखाद्या शाळेच्या सूचनाफलकासमोर एखादे मूल आपले नाव दोनदा शोधून सावकाश मागे फिरत असेल. त्याच्या पालकांनी आणि शिक्षकांनी त्या दिवशी त्याला मोठमोठ्या यशाची स्वप्ने दाखवण्याची गरज नाही. संध्याकाळी चेंडू घेऊन मैदानावर जाण्यास त्याला मोकळीक द्यावी, इतकेच पुरे आहे. पुढचे काम त्याचे आणि ज्यांच्या हाती दारे आहेत, त्यांचे.